सूर्याच्या भरवशावर : लडाखमधील एक वसतिस्थान आणि आपण

आजचे युग हे विजेचे युग आहे असे आपण म्हणतो. तरीही संध्याकाळी सातच्या सुमारास, नेमकी मुले पुस्तक उघडून बसतात त्याच वेळी, आपल्या अनेक वस्त्यांत आणि खेड्यांत वीज जाते, हा अनुभव समाजबांधवांना नवा नाही. सौर ऊर्जेची चर्चाही आता घरोघरी होते. परंतु केवळ सूर्याच्या भरवशावर एखादे संपूर्ण वसतिस्थान कसे चालते, तेथे माणसे कशी राहतात, पाणी कसे काढतात, अन्न कसे शिजवतात, याची नीट माहिती फार थोड्यांना असते. अशा एका ठिकाणाची ओळख आमच्या वाचकांना आणि विशेषतः विद्यार्थ्यांना करून द्यावी, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत. हे ठिकाण बुद्धभूमी म्हणून आपल्याला जवळच्या वाटणाऱ्या लडाखमध्ये आहे. आणि ते नावारूपाला आले ते ज्यांच्या कपाळी शाळेने 'नापास' असा शिक्का मारला होता, त्या मुलामुलींच्या हातून.

प्रयोगाची पार्श्वभूमी

१९८८ साली लडाखमधील काही महाविद्यालयीन तरुणांनी एकत्र येऊन एक संस्था स्थापन केली. 'स्टुडंट्स एज्युकेशनल अँड कल्चरल मूव्हमेंट ऑफ लडाख' असे तिचे लांबलचक नाव असून सर्वत्र ती 'सेकमॉल' या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. अभियंता सोनम वांगचुक हे तिच्या संस्थापकांपैकी एक. त्यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या तरुणांपुढे प्रश्न विजेचा नव्हता, शिक्षणाचा होता. त्या काळी लडाखच्या सरकारी शाळांतून दहावीला बसणाऱ्या शंभर मुलांपैकी सुमारे ९५ मुले नापास होत. यावर सर्वसाधारण प्रतिक्रिया अशी की, डोंगरातली ही मुले, यांना अभ्यास काय जमणार ! या तरुणांनी मात्र कारणांचा शोध घेतला. घरात मुले लडाखी बोलत, शाळेत खालच्या वर्गांना उर्दूतून शिकवले जाई आणि नववीपासून एकाएकी सर्व विषय इंग्रजीत येत. पुस्तकांतली झाडे, प्राणी, ऋतू आणि घरे त्यांनी कधी पाहिलेली नसत. मुलांच्या बुद्धीत खोट नव्हती, व्यवस्थेत होती. १९९४ साली शासन, गावकरी आणि संस्था यांनी मिळून शाळासुधारणेची मोहीम हाती घेतली. शिक्षकांचे प्रशिक्षण झाले, गावोगावी शिक्षण समित्या झाल्या, स्थानिक जीवनाला धरून पुस्तके तयार झाली. २०१५ पर्यंत दहावीचा निकाल ७५ टक्क्यांच्या घरात पोहोचला.

आपल्या वाचकांना ही हकीकत ओळखीची वाटेल. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या 'तुम्हाला विद्या येणार नाही' असे ऐकवले गेले, त्यांना या शिक्क्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

तथापि शाळा सुधारेपर्यंत जी मुले नापास होऊन बसली होती त्यांचे काय ? त्यांच्यासाठी लेहजवळ, सिंधू नदीच्या काठच्या फे या गावाजवळ ओसाड उतारावर एक वसतिस्थान उभारण्यात आले. इतर ठिकाणी गुण पाहून प्रवेश मिळतो, येथे दहावीत नापास होणे हीच त्या काळी प्रवेशाची पात्रता होती. बांधकामापासून पुढच्या देखभालीपर्यंत विद्यार्थ्यांचे हात लागले. तेव्हा तेथे विजेची तार नव्हती. जळणासाठी झाडे नव्हती, कारण त्या शीत वाळवंटात वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. होते ते केवळ ऊन. ढग क्वचित येत असल्याने वर्षातील ३०० च्या आसपास दिवस लडाखमध्ये स्वच्छ ऊन असते. या एका भांडवलावर संसार मांडायचा होता.

ऊब देणारी मातीची घरे

सौर ऊर्जा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे छतावरची निळी-काळी पॅनेल येतात. परंतु या वसतिस्थानात सूर्याचा सर्वांत मोठा उपयोग पॅनेलविना होतो. लडाखच्या हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली १५ ते २० अंशांपर्यंत उतरतो. खोल्या विजेने गरम करायच्या तर कितीही पॅनेल पुरणार नाहीत. म्हणून घरच असे बांधले की ते ऊन साठवून ठेवील.

यामागचे शास्त्र शाळकरी मुलालाही समजेल असे आहे. लेह सुमारे ३४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. हिवाळ्यात २१ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारी तेथे सूर्य दक्षिणेच्या क्षितिजापासून फक्त ३२-३३ अंश वर असतो. तोच जून महिन्यात ७९-८० अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर येतो. घराची मोठी काचेची खिडकी दक्षिणेला ठेवली तर हिवाळ्याचे तिरपे ऊन खोलीत आतवर शिरते, आणि उन्हाळ्याचे उभे ऊन छज्जावर अडते. यासाठी यंत्र लागत नाही, फक्त दिशा पाळावी लागते.

आत आलेले ऊन भिंती शोषून घेतात. या भिंती ओली माती साच्यात घालून ठोकून ठोकून घट्ट केलेल्या असतात. जाड मातीची भिंत हळू तापते आणि हळूच निवते, म्हणून दिवसाची ऊब रात्री खोलीत परत येते. छतात लाकडाचा भुसा, किस यांसारखे स्वस्त पदार्थ भरून ती ऊब बाहेर जाण्यापासून रोखली जाते. हिवाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला लागून प्लॅस्टिकच्या पारदर्शक कापडाचे हरितगृह उभारतात. त्यात भाजीही पिकते आणि तापलेली हवा खोल्यांतही येते. उन्हाळा आला की ते कापड काढून गुंडाळून ठेवतात. बाहेर उणे १५ अंश थंडी असताना आत अधिक १४-१५ अंश उष्णता राहते, तीही काही न जाळता. या वसतिस्थानाच्या मुख्य इमारतीला २०१६ साली फ्रान्समधील लिऑं येथे मातीच्या बांधकामासाठी दिला जाणारा आंतरराष्ट्रीय 'टेरा' पुरस्कार मिळाला.

वीज, पाणी आणि स्वयंपाक

दिवे, संगणक आणि पाण्याचा पंप यांसाठी मात्र पॅनेलची वीज लागते. पॅनेलमधील सिलिकॉनच्या पातळ चकत्यांवर प्रकाश पडला की एकदिश विद्युतप्रवाह सुरू होतो. तो नियंत्रकातून बॅटरीत साठवला जातो आणि इन्व्हर्टरमधून घरगुती उपकरणांना योग्य असा प्रत्यावर्ती प्रवाह होऊन बाहेर पडतो. पॅनेल चालते ते प्रकाशावर, उष्णतेवर नव्हे, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. उलट पॅनेल जितके तापेल तितकी वीज कमी मिळते. दर अंशामागे साधारण ०.४ टक्के घट होते. म्हणून लडाखच्या थंड, स्वच्छ हवेत पॅनेल उत्तम काम करते.

पाण्याच्या बाबतीत तारेविना राहणाऱ्याला एक साधी युक्ती उपयोगी पडते. ऊन असताना पंप चालवून पाणी उंचावरच्या टाकीत चढवून ठेवायचे. मग रात्री ते आपोआप खाली येते. भरलेली टाकी ही एक प्रकारची बॅटरीच होय. ती बॅटरीपेक्षा स्वस्त असते आणि पुष्कळ अधिक वर्षे टिकते.

स्वयंपाकासाठी आरशांच्या मोठ्या तबकड्या आहेत. अंतर्वक्र तबकडी सूर्यप्रकाश एका जागी गोळा करून स्वयंपाकघरातील भांड्याच्या बुडाशी पाठवते. सूर्य सरकतो तशी तबकडीही सरकावी लागते. अर्थात सूर्य नसेल त्या दिवशी अशी चूल पेटत नाही. त्यामुळे जेथे जेथे सौरचूल आहे तेथे दुसरी सोय ठेवावीच लागते, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

लडाखी घरांत पूर्वापार कोरडे संडास असतात. त्यांत पाणी वापरत नाहीत, वरून माती टाकतात आणि काही काळाने त्याचे खत होऊन शेतात जाते. पाण्याच्या दुष्काळात शहाण्यांनी काढलेली ही रीत या वसतिस्थानानेही टाकून दिली नाही.

दिनचर्या आणि जबाबदाऱ्या

एवढी साधने असली तरी ती चालवणार कोण, हा खरा प्रश्न असतो. पगारी तंत्रज्ञ ठेवून हे काम भागवता आले असते. परंतु या वसतिस्थानात विद्यार्थी आपल्यातूनच पुढारी निवडतात आणि कामे वाटून घेतात. कोणाकडे गाईंची धार आणि गोठा, कोणाकडे भाजीचा मळा, कोणाकडे पॅनेल व बॅटरी, कोणाकडे पाणी, कोणाकडे स्वयंपाकघर. ठरावीक काळाने ही कामे बदलतात, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येक विद्या शिकावी लागते. मुलगा म्हणून गोठा चुकत नाही आणि मुलगी म्हणून बॅटरी चुकत नाही. जर्दाळू वाळवणे, फळांचे मुरंबे करणे, नव्या खोलीसाठी माती ठोकणे असे उपक्रम ऋतूप्रमाणे चालतात. हिवाळ्यात पाणी गोठवून त्यावर मुले-मुली आइस हॉकी खेळतात, आणि येथे तयार झालेल्या मुली भारताच्या संघातही पोहोचल्या आहेत.

दिवसाची आखणी सूर्यावर होते. जड कामे, म्हणजे पंप, धुणे, दळणे, ही ऊन चांगले असेल तेव्हा करायची आणि रात्री फक्त दिवा आणि पुस्तक. बॅटरीत किती वीज शिल्लक आहे हे पाहणाऱ्या मुलाला गणिताचा धडा वेगळा द्यावा लागत नाही. जो गणितात नापास झाला, त्याच्याच हिशेबावर साऱ्या वसतिस्थानाचा रात्रीचा उजेड अवलंबून असतो. आमच्या मते या प्रयोगाचे मर्म येथे आहे. विश्वासाने जबाबदारी सोपवली की माणूस शिकतो, आणि आपल्या कामावाचून इतरांचे अडते हे कळले की त्याच्या मनावरचा शिक्का पुसला जातो.

आपल्या धम्मपरंपरेला ही पद्धत नवी नाही. विनयपिटकात भिक्खुसंघातील कामांची वाटणी सविस्तर आलेली आहे. भोजनाची व्यवस्था पाहणारा वेगळा, भांडार सांभाळणारा वेगळा, निवासाची जागा नेमून देणारा वेगळा, आणि या नेमणुका संघाच्या संमतीने होत. दब्ब मल्लपुत्त यांनी निवासव्यवस्थेचे काम किती चोख केले याची कथा प्रसिद्धच आहे.

दुसरी कथा कोसंबीच्या उदयन राजाची. राजाच्या राण्यांनी भदंत आनंदांना ५०० वस्त्रे दान दिली. एवढ्या वस्त्रांचे हा भिक्खू काय करणार, असा राजाला संशय आला. आनंदांनी सांगितले की, ज्यांची चिवरे जीर्ण झाली त्यांना ही वाटून देऊ. मग जुन्या चिवरांचे काय ? त्यांचे पांघरूण होईल, पांघरूण झिजले की गादीचे आवरण होईल, मग पायपुसणे, मग झाडण्याचे फडके, आणि अगदी चिंध्या झाल्या की मातीत कालवून त्यांनी लिंपण करता येईल. राजाचे समाधान झाले. लडाखच्या त्या मातीच्या भिंती पाहताना ही कथा आठवल्यावाचून राहत नाही. काटकसर म्हणजे कंजुषी नव्हे. मिळालेल्या वस्तूचा अखेरच्या धाग्यापर्यंत सदुपयोग करणे म्हणजे काटकसर, आणि सौरजीवनाचा पायाही तोच आहे.

हिमस्तूप

याच मंडळींच्या एका उपक्रमाचा उल्लेख येथे करणे अगत्याचे आहे. लडाखचा शेतकरी हिमनदीच्या पाण्यावर शेती करतो. परंतु पेरणीच्या वेळी, एप्रिल-मे महिन्यांत, डोंगरावरचा बर्फ पुरेसा वितळलेला नसतो आणि ओढे कोरडे असतात. उलट हिवाळ्यात पाणी वापराविना वाहून जाते. अभियंता चेवांग नोर्फेल यांनी पूर्वी हे पाणी अडवून कृत्रिम हिमनद्या तयार केल्या होत्या. वांगचुक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २०१३-१४ च्या हिवाळ्यात त्याच विचाराचा पुढचा टप्पा गाठला. वरच्या अंगाचे पाणी नळाने खाली आणले की स्वतःच्या दाबाने ते पुन्हा उंच उडते. कडाक्याच्या थंडीत उडणारे तुषार खाली पडता पडता गोठतात आणि बर्फाचा शंकू तयार होतो. पंप नको, वीज नको. पसरलेल्या बर्फापेक्षा शंकूच्या बर्फाला ऊन कमी लागते, त्यामुळे तो उशिरापर्यंत टिकतो. पहिल्या नमुन्यात सुमारे दीड लाख लिटर पाणी साठले आणि तो मे महिन्यापर्यंत टिकला. पुढे २०१५ साली फ्यांग येथील बौद्ध मठाच्या सहकार्याने मोठा हिमस्तूप उभा राहिला, आणि त्याच्या पाण्यावर नवी रोपे लावण्यात आली. त्याचा आकार स्तूपासारखा, म्हणून त्याला नावही स्तूपाचेच मिळाले.

आपल्या विहारात काय करता येईल ?

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. लडाखची नक्कल महाराष्ट्रात उपयोगाची नाही. त्यांना ऊन घरात घ्यायचे आहे, आपल्याला ते बाहेर ठेवायचे आहे. आपल्याकडे पश्चिमेला झाड किंवा सावली, गच्चीवर पांढरा चुना, आणि समोरासमोर खिडक्या, एवढे केले तरी पंख्याची गरज कमी होते. मात्र 'आधी गरज कमी करा, मग पॅनेल घ्या' हा क्रम दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

उदाहरणादाखल विहाराला जोडून असलेल्या एका अभ्यासिकेचा हिशेब मांडू. जुन्या ४० वॉटच्या आठ ट्यूबलाइट रोज ५ तास चालवल्या तर १६०० वॉट-तास, आणि ७५ वॉटचे दोन पंखे ६ तास चालवले तर ९०० वॉट-तास लागतात. एकूण २५०० वॉट-तास, म्हणजे अडीच युनिट. त्याऐवजी ९ वॉटचे आठ एलईडी दिवे आणि ३० वॉटचे कमी विजेचे दोन पंखे घेतले तर प्रत्येकी ३६०, असे मिळून फक्त ७२० वॉट-तास पुरतात. म्हणजे पॅनेल विकत घेण्यापूर्वीच दोन तृतीयांशाहून अधिक खर्च वाचला.

आपल्याकडे १००० वॉटच्या पॅनेलमधून वर्षभराच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटच्या आसपास वीज मिळते. बॅटरीतील घट धरून या अभ्यासिकेला किमान २५० वॉटचे पॅनेल लागेल. पावसाळी दिवसांचा विचार करता ४०० वॉट घेणे बरे. साधी शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास लवकर खराब होते. म्हणून ७२० वॉट-तासांसाठी दुप्पट साठा हवा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या एका बॅटरीत १८०० वॉट-तास मावतात, तेव्हा एका रात्रीची सोय होते. विद्यार्थ्यांनी आपापल्या घराचा असा तक्ता करून पाहावा, अशी आमची सूचना आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घराच्या मीटरला जोडलेला, बॅटरी नसलेला सौर संच वीज गेली की स्वतःही बंद पडतो. तारेवर काम करणाऱ्या माणसाला झटका बसू नये यासाठी तशी योजना असते. त्याने बिल कमी होते, परंतु वीज गेल्यावर अंधार तसाच राहतो. तेव्हा संच घेताना आपल्याला काय हवे आहे हे आधी ठरवावे.

पॅनेल २५ वर्षे टिकू शकते, परंतु शिसे-आम्ल बॅटरी चार-पाच वर्षांत बदलावी लागते. त्यासाठी दर महिन्याला थोडी रक्कम बाजूला काढली नाही तर संच बंद पडतो आणि दोष मात्र सूर्याला दिला जातो. पॅनेलवरची धूळ पुसणे, बॅटरीत शुद्ध पाणी घालणे, तिची खोली हवेशीर ठेवणे ही कामे कोणाची, हे पहिल्याच दिवशी नावानिशी ठरले पाहिजे. उद्‌घाटनाला शंभर माणसे येतात, पण धूळ पुसायला एकच लागतो आणि तोच सापडत नाही.

एक महत्त्वाची गोष्ट

हे सर्व वाचून कोणी असा निष्कर्ष काढू नये की, आपल्या वस्त्यांनी आपापल्या दिव्याची सोय पाहावी आणि शासनाने मोकळे व्हावे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, आणि विजेचा विषयही त्यांच्याकडे होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजविकासाच्या धोरण समितीचे अध्यक्षपद भूषवताना त्यांनी वीज स्वस्त आणि मुबलक मिळाली पाहिजे, दारिद्र्यातून बाहेर पडण्याचा मार्ग औद्योगिकीकरणातून जातो आणि त्याला वीज हवी, अशी भूमिका मांडली. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले ते त्यांच्याच कारकिर्दीत. म्हणजे वीज हा आपला हक्क आहे, आणि तो मागत राहिलेच पाहिजे. लडाखमध्येही २०१९ साली श्रीनगरहून लेहपर्यंत मोठी वीजवाहिनी पोहोचली, आणि तिचे तेथील लोकांना महत्त्व आहेच.

परंतु हक्क मागत असतानाच विद्या आपल्या हाती घेता येते. तथागतांनी स्वतःच स्वतःचा आधार व्हावे असा उपदेश केला. त्याचा अर्थ इतरांशी संबंध तोडणे असा नव्हे, तर समजून घेण्याचे आणि करण्याचे काम दुसऱ्यावर न टाकणे असा आहे. फे येथील मुलांनी नेमके हेच केले.

आपल्या संस्थेच्या सभासदांना आमची विनंती आहे की, पुढील वर्षी ज्या विहारात अभ्यासिका आहे तेथे निदान एक छोटा सौर संच बसवण्याचा विचार व्हावा. त्याची जोडणी, हिशेब आणि देखभाल दहावी-बारावीच्या मुलामुलींकडे सोपवावी, आणि त्यांत ज्यांना परीक्षेत अपयश आले अशांना आवर्जून घ्यावे. जाणत्या तंत्रज्ञाने सुरुवातीला शेजारी उभे राहून दाखवावे, विजेशी खेळ होऊ देऊ नये, आणि नंतर मुलांच्या हाती काम द्यावे. वही ठेवावी, रोजचे आकडे लिहावेत. परीक्षेच्या दिवसांत वीज गेली आणि त्या एका खोलीत दिवे लागलेले राहिले, तर ते कोणी लावले हे साऱ्या वस्तीला ठाऊक असेल.

जय भीम ! नमो बुद्धाय !